दुसऱ्या जळकोटला गेलेली सायकल

ज्वारी पोटऱ्यात आली की हल्ली मला करमेनासं होतं. शाळेत जाताना स्कूटीवरून दोन्ही बाजूंचं हिरवं रान दिसतं, पानांवरून दव निथळत असतं, बांधावरच्या करडईला काटे धरायला लागलेले असतात. बघणाऱ्याला वाटावं, ह्या बाईची सकाळ किती सुखाची. मला मात्र कुणीतरी कुठंतरी आपली वाट बघत खोळंबलंय, असं वाटत राहतं. मोबाइल वाजला की दचकायला होतं. खरं तर आता काही यायचं नाही, कुठं काही अडकलेलं नाही. पण तीन वर्षांपूर्वीच्या त्या एका हंगामानं माझ्या जिवाला जी सवय लावली, ती अजून सुटली नाही. दसरा झाला की हुरहुर सुरू होते आणि येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, पार पडली की आपोआप ओसरते.

आमचं गाव जळकोट, तुळजापूर तालुक्यातलं, हमरस्त्यावरचं. मी जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. हे जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. खरे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीच्या दिवशी कुणाची गाय अडली, मेंढरांच्या खुरात किडे झाले, बैलाच्या मानेला गळू आलं, की माणूस ह्यांनाच बोलवायला यायचा. त्यामुळं गावानं त्यांना डॉक्टर करून टाकलं होतं. दूरच्या गावांना मोटारसायकल असायची, पण जवळच्या वस्त्यांवर हे सायकलनंच जात. मोटारसायकलीच्या आवाजानं आजारी जनावर बिचकतं, असं कारण सांगायचे. मला वाटतं त्यांना सायकल आवडायची, एवढंच.

डोळ्यांचं आधी आम्हाला कळलंच नाही. दिवेलागणीनंतर हे ठेचकाळायला लागले तेव्हा चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. मग एक दिवस रस्त्याच्या कडेनं चाललेल्या कळपातल्या मेंढीवर ह्यांनी मोटारसायकल घातली. मेंढपाळ ओळखीचा. तो रागावला नाही, उलट ह्यांनाच उठवून बसवलं आणि पाणी दिलं. ज्या कळपाला आपण वर्षानुवर्षं लस टोचली त्यातली मेंढी आपल्याला दिसली नाही, हे ह्यांना फार लागलं. सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पडद्याचा आजार आहे, घराण्यातून येतो, औषध नाही. कडेचं दिसणं आधी जाईल. मधलं बरेच दिवस टिकेल, पण किती दिवस ते सांगता येत नाही.

ते 'सांगता येत नाही' आम्ही घरी घेऊन आलो.

ह्यांनी नोकरी सोडली आणि बाजेवर बसायला लागले. आयुष्यभर ज्याचे पाय हलत होते तो माणूस दिवसदिवस एका जागी. मी स्कूटीवरून फिरवून आणते म्हटलं तर दोनदा आले, तिसऱ्यांदा म्हणाले, "मागं पोतं टाकल्यागत नको नेऊस मला." मी पुन्हा विचारलं नाही.

भाद्रपदातली गोष्ट. केंद्रावरची मीटिंग रद्द झाली आणि मी दुपारीच घरी आले. मागच्या अंगणातून चेनचा आवाज येत होता. जाऊन बघते तर ह्यांची जुनी काळी सायकल मधल्या स्टँडवर उभी आणि हे तिच्यावर बसून पायडल मारतायत. मागचं चाक हवेत फिरतंय. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात चप्पल, बाहेर निघालेल्या माणसासारखे. मधेच त्यांनी घंटी वाजवली. मी त्यांच्या उजव्या हाताला दहा पावलांवर उभी होते, पण ती बाजू आता त्यांच्या नजरेत येत नव्हती. मी तशीच मागं सरले, फाटकाबाहेर गेले आणि कडी जोरात वाजवून पुन्हा आत आले. तोवर हे बाजेवर येऊन बसले होते. चाक अजून फिरत होतं.

मुलगी पुण्यात नोकरी करते. तिला मी फोनवर हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं एक व्हिडिओ पाठवला. लांबलचक सायकल, दोन सीटा, पायडलांच्या दोन जोड्या. पुढं एक बाई, मागं काळा चष्मा लावलेला माणूस, आणि दोघांचे पाय एकाच वेळी खालीवर होतायत. ह्याला टँडम म्हणतात, असं तिनं लिहिलं होतं. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला कोण जाणे. बघताना मनात एकच धरलं: ह्यांना दिसतंय तोवर, येळवशीला, ज्वारीच्या रानातून ह्यांना असं न्यायचं.

नळदुर्गात शिवप्पाअण्णांचं सायकलीचं दुकान आहे. ह्यांना नोकरी लागली तेव्हाची पहिली सायकल तिथली, मुलीची तीनचाकी तिथली, नंतरची तिची शाळेची सायकलही तिथलीच. मुलीच्या सायकलीचं सीट ते दर वर्षी न सांगता वर करून द्यायचे. पोर किती वाढली हे त्यांना आमच्याआधी दिसायचं. आता दुकानात अर्ध्या जागेत इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आहेत, पण अण्णांची बैठक सायकलींच्याच बाजूला.

मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तीनदा बघितलं. असली सायकल सर्कशीत बघितली, दुकानात कधी न्हाय, म्हणाले. तरी सोलापूरच्या ठोक व्यापाऱ्याला फोन लावला. पलीकडून हसण्याचा आवाज आला तसे अण्णा फोन घेऊन रस्त्यावर गेले, मला ऐकू येऊ नये म्हणून. परत आल्यावर म्हणाले की दोन चांगल्या फ्रेमी कापून एक करू, वेल्डर आपला माणूस आहे, आपण समोर उभं राहून करून घेऊ.

"धरेल का पण जोड?" मी विचारलं.

अण्णा खोटं बोलले असते तर त्यांचं गिऱ्हाईक त्यांच्याकडं राहिलं असतं. ते म्हणाले, "धरल. पण कुठवर, ते न्हाय सांगता येणार, बाई."

मला पुन्हा तेच ऐकू आलं. विचार करून सांगते, असं मी म्हणाले आणि पायरी उतरले.

मग मी मोबाइलमधून सायकल मागवली. उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरातली लहानशी कंपनी, मागणी आली की बनवून पाठवणारी. आपल्याला न भेटलेल्या माणसांनी लिहिलेले बरेवाईट अभिप्राय मी परीक्षेचे पेपर तपासल्यासारखे वाचून काढले. दुकानात आपण वस्तूकडं बघत असतो तेव्हा दुकानदार आपल्याकडं बघत असतो. इथं माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं. नुसते रकाने भरायचे होते: पुढं बसणाऱ्याची उंची, मागं बसणाऱ्याची उंची, पायांची आतून लांबी.

माप घ्यायची रीत त्यात चित्र काढून दिली होती. भिंतीला टेकून अनवाणी उभं राहायचं, दोन पायांच्या मधे पुस्तक वर सरकवून धरायचं आणि पुस्तकापासून जमिनीपर्यंत मोजायचं. ह्यांना कळू द्यायचं नव्हतं. पायजमे शिवायला टाकायचेत असं सांगून मी त्यांना भिंतीला उभं केलं, चौथीचं गणिताचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि टेप घेऊन खाली बसले.

"पायजम्याला पुस्तक लागतं व्हय?" हे म्हणाले.

मग सांगावंच लागलं. मी जमिनीवर बसूनच सगळं सांगितलं, व्हिडिओपासून अण्णांच्या वेल्डरपर्यंत. अंगणातल्या त्या दुपारचं तेवढं सोडलं. गावातून बायको पुढं आणि गडी मागं असं जायचं, लोक दारात येऊन बघणार, हे त्यांनी बोलून दाखवलं. आणि बघणार, हे खरंच होतं. शेवटी त्यांनी पाठ भिंतीला नीट लावली.

"घे मग सरळ माप," ते म्हणाले. "आखूड आली तर परत कुठं पाठवायची?"

निम्मे पैसे आधी भरायचे होते. ते भरले आणि पलीकडचा फोन लागेनासा झाला. नऊ दिवस. ते नऊ दिवस मी वर्गात फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही. फसवले गेलो असलो तर ह्यांना काय सांगायचं, मुलीला काय, आणि सगळ्यात अवघड म्हणजे अण्णांना काय. नळदुर्गला बाजाराला जायचं म्हटलं की मी दुकानासमोरून तोंड फिरवून जायची. एकदा अण्णांनी हात वर केला. मी न बघितल्यासारखं केलं, आणि लगेच मनात आलं की न दिसणं असं सोंग म्हणूनसुद्धा घेता येतं.

दहाव्या दिवशी कंपनीचा फोन आला. कारखान्यातले लोक सणाला गावी गेले होते, एवढंच.

वाट बघण्यात दिवाळी गेली. मी रोज ह्यांची परीक्षा घ्यायला लागले. चहाचा कप मुद्दाम थोडा बाजूला धरायची. हात बरोबर कपावर आला की दिवस बरा जायचा. वेणी घालता घालता सहज विचारल्यासारखं किती वाजले विचारायची. हे भिंतीवरच्या घड्याळाकडं तोंड करून सांगायचे, बहुतेक वेळा बरोबर. मला वाटायचं, मधलं टिकलंय. मग वाटायचं, आज टिकलंय, उद्याचं काय? शेतावरून दिरांचा निरोप यायचा की ज्वारी गुडघ्याला लागली, कमरेला लागली. लोक आनंदानं सांगायचे आणि मला वाटायचं, हिनं जरा दमानं वाढावं.

मार्गशीर्ष निम्मा सरता सरता मोबाइलवर संदेश आला: आपलं पार्सल जळकोटला पोचलं आहे. मधल्या सुट्टीत मी स्कूटी काढली आणि स्टँडवर आले. कुठं काही नाही. दोन दुकानांत विचारलं, तीन दुकानांत विचारलं. दिलेल्या नंबरवर फोन केला तेव्हा तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला की बॉक्स कालपासून इथंच आहे, स्टँडसमोर बँकेशेजारच्या गोडाउनात. आमच्या स्टँडसमोर बँक नाही, असं मी म्हणाले.

"मॅडम, तुमचं जळकोट कोणतं?"

"तालुका तुळजापूर."

"हे लातूरचं जळकोट हाय, मॅडम. उदगीरकडचं."

पत्त्यात मी धाराशिव लिहिलं होतं. त्यांच्या यंत्रात जिल्हा जुन्या नावानं होता. ह्या दोन नावांच्या मधे कुठंतरी कुणीतरी नुसतं जळकोट बघितलं आणि जे पहिलं सापडलं तिथं सायकल धाडून दिली. आता ती वाट बदलून मिळणार नव्हती. तीन दिवसांत कुणी नेली नाही तर जिथून आली तिथं परत जाणार होती.

मी रजा टाकली. हे म्हणाले, मीबी येतो, दोघांची वस्तू हाय. लातूरला गाडी बदलून आम्ही त्या दुसऱ्या जळकोटला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आपल्याच गावाच्या नावाच्या पाट्या आणि एकही ओळखीचा चेहरा नाही. गोडाउनात खोका भिंतीला टेकून उभा होता, एका कोपऱ्याला फाटलेला. ह्यांनी त्याच्यावर तळहात ठेवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. केवढी लांब, म्हणाले. सही करायला कागद पुढं आला. ह्यांची सही कागदावरून घसरून टेबलावर गेली. गोडाउनात उजेड कमी आहे, असं मी त्या माणसाला सांगितलं, आणि स्वतःलाही.

एसटीवाल्यानं खोका घेतला नाही. शेवटी उमरग्याकडं रिकामा निघालेला एक पिकअप मिळाला, तो पुढं आमच्या गावापर्यंत यायला तयार झाला. पुढं बसा म्हटलं तरी हे ऐकेनात. आम्ही दोघं मागं, गोणपाटावर, खोक्याला हात लावून. थंड वारा, रस्त्याकडेनं तुरीची रानं, कुठं तरी गुऱ्हाळाचा वास. हे दोनदा विचारते झाले, आता कुठं आलो. मी दोनदा म्हणाले, येईल आता. मी दोरी बघत होते. गाठ सैल होतेय का, खोका सरकतोय का. त्या एवढ्या वाटेत मी ह्यांना एक झाडसुद्धा सांगितलं नाही.

घरी खोका उघडला तर आत सायकल नव्हती, सायकलीचे भाग होते. दोन हँडलं, दोन चेना, पिशवीभर नट आणि इंग्रजीत छापलेला एक कागद. मुलीनं व्हिडिओ कॉलवर तासभर प्रयत्न केला आणि तिनंही हात टेकले.

तो कागद घेऊन मी अण्णांच्या दुकानात गेले. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"घेतलीत म्हणा की," ते म्हणाले. बाकी काही लागेल असं बोलले नाहीत. पण सायकल बसवून द्यायला त्यांनी नकार दिला. मला वाटलं मानापमान असेल. तसं नव्हतं. ही वस्तू आपल्या हाताखालून कधी गेली नाही, तिचं दुखणं आपल्याला माहीत नाही, असं ते म्हणाले. "म्या आवळलेला नट सुटला तर? डॉक्टर मागं बसणार. त्यांना उडीबी मारता यायची न्हाय."

परत येताना मी अण्णांवर चिडले होते. आज कळतं की त्या सगळ्या खरेदीत माझ्याइतकं घाबरलेलं दुसरं माणूस तेच होते.

तिसऱ्या दिवशी रविवारी सकाळी ते दारात उभे. दुकान बंद ठेवून, हत्यारांची पिशवी घेऊन, एसटीनं आलेले. म्हणाले की तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या कुणाकडून कशीतरी बसवून घ्याल ह्या भीतीनं आलो. अंगणात सायकल उभी राहायला दुपार झाली. हे शेजारी बसून नट धरत होते. अण्णा नुसता हात पुढं करायचे आणि हे बोटांनी चाचपून नेमका पाना द्यायचे. वाटेत मागचं चाक थोडं वाकलं होतं, ते अण्णांनी तारा आवळून सरळ केलं. चीज चांगली हाय, असं ते कामात दोनदा म्हणाले, आणि ते म्हणणं त्यांना सोपं गेलं नसणार. आजही त्या सायकलीचं सगळं तेच बघतात.

सायकल झाली, पण त्यांनी ह्यांना बसू दिलं नाही. आधी मी बसणार, म्हणाले. शाळेच्या मैदानावर गेलो. अण्णा मागच्या सीटवर बसले, खांद्यावरचा टॉवेल काढून डोळ्यांवर बांधला आणि म्हणाले, चला बाई.

मैदानाला दोन फेऱ्या मी बऱ्या मारल्या. लांब सायकल, वळायला जड, सुरुवातीला बैलगाडीसारखी वाटली; मग जमलं. तिसऱ्या फेरीला समोर कुत्रं आलं आणि मी झटकन डावीकडं घेतलं. अण्णांचं अंग उजवीकडं गेलं. आम्ही दोघंही खाली. माझा गुडघा, त्यांचं कोपर. हे पायरीवरून उठून आवाजाच्या दिशेनं यायला लागले होते.

अण्णांनी मातीत बसूनच टॉवेल सोडला. "चालवता चांगलं तुमी," ते म्हणाले. "पण मागच्याला कायबी सांगत न्हाय. म्या मागं बसून मेलो की हो." वळायच्या आधी सांगायचं, ब्रेक दाबायच्या आधी सांगायचं, खड्डा येणार असेल तर तो यायच्या आधी सांगायचं. मागच्या हँडलकडं बोट करून म्हणाले की हे वळत नाही, हे नुसतं धरायला आहे.

येळवस आठ दिवसांवर आली होती. आम्ही दोघं रोज शाळा सुटल्यावर मैदानावर सराव करायला लागलो. मी बोलायला शिकत होते. आयुष्यभर वर्गात बोलणारी मी, पण वळणाच्या आधी दोन शब्द निघत नसत. आणि मला घाई होती. एक दिवस हे दमून पायरीवर बसले तर मी म्हणाले, उठा, अजून एक फेरी, उशीर करून चालायचं नाही, येळवशीला रान बघायला मिळालं पाहिजे तुम्हाला.

"बघायला मिळावं म्हणून घाई करू नको," हे म्हणाले. "ते दिवाळीतच गेलं."

मी घड्याळाचं विचारलं. ते म्हणाले, नऊची एसटी गेली की नऊ कळतात, तुझ्या चुलीवरच्या तव्यावरून साडेसात कळतात. कप बाजूला धरला की तुझ्या बांगड्या वाजतात. आता फक्त उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं.

मग मला का नाही सांगितलंत, हे मी विचारलं तेव्हा माझा आवाज चढला होता. हे नेहमीच्याच सुरात म्हणाले, "तू पार्सलच्या मागं लागली होतीस. तेवढंच तुला धरायला होतं."

मला रडू आलं नाही, राग आला. मी कुणाशी शर्यत लावली होती? दोन महिने मी ज्वारीला दमानं वाढ म्हणत होते, फोन लावत होते, त्या परक्या जळकोटपर्यंत गेले होते, आणि शर्यत तर आधीच संपलेली होती. मैदानाच्या कडेला सायकल उभी होती, नवी, लांब, निरुपयोगी. मी तसं बोललेही: मग ही आता कशाला?

"मला ती बघायची न्हाय," हे म्हणाले. "चालवायची हाय."

येळवशीच्या सकाळी आम्ही निघालो. आंबिलीचं मडकं, भाज्या-डाळींची भज्जी आणि पिठाचे उकडलेले उंडे दीर आधीच गाडीतून घेऊन गेले होते. गाव दारात आलं होतं. हे म्हणाले होते तसंच. मी कुणाकडं बघितलं नाही, नुसती बोलत राहिले: गटार, उतार, डावीकडं, म्हैस आडवी आहे, थांबतोय. एक म्हातारे गृहस्थ ओट्यावरून म्हणाले, डॉक्टर, बसायला बरी हाय का? ह्यांनी मागून उत्तर दिलं की बरी आहे, पाय लागतात.

हमरस्त्यापाशी, दुभाजकाच्या तोंडाशी मात्र माझं बोलणं आटलं. सणाचा दिवस, हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांची रांग. दिसत होतं सगळं, पण कुठला किती लांब आहे याचा अंदाज माझ्या डोक्यात धरेना. मागून हे म्हणाले, "एक जड गाडी येतेय सोलापूरकडनं. ती जाऊ दे. तिच्या मागं काय न्हाय." ती गेली. मागं खरंच काही नव्हतं. आम्ही पलीकडं गेलो.

शेतात पूजेसाठी कडब्याची कोप उभी होती. ज्वारी डोक्याच्या वर, कणसं दुधात, हरभऱ्याचा आंबट वास. दिरांनी पूजा केली, आंबिल पिकात शिंपडली, पंगत बसली. मी ह्यांच्या ताटात कुठं काय आहे ते सांगितलं. जेवणं झाली, बायका बोरं वेचायला गेल्या, आणि हे माझ्या जवळ येऊन हळू म्हणाले की विहिरीपासून वरच्या बांधापर्यंतची गाडीवाट मला पाठ आहे. मला पुढं बसू दे.

मी नको म्हणाले. तीनदा म्हणाले. मग सायकल काढून विहिरीपाशी नेली.

पुढचं सीट माझ्या मापाचं. त्यांचे गुडघे हँडलला लागत होते. त्यांची पाठ रुंद. मागच्या सीटवर बसल्यावर मला पाठीशिवाय काहीच दिसेना. बाजूला वाकून बघावं लागत होतं. सायकल सुरू झाली आणि मी हँडल गच्च धरलं. अण्णांनी सांगितलेलं मला माहीत होतं, तरी पहिल्या चाकोरीत सायकल घसरली तेव्हा मी ते जिवाच्या करारानं वळवायला बघितलं. ते हललं नाही. डावं, मी ओरडले, अजून डावं, बास. ते वळले. कणसं आमच्या दोन्ही खांद्यांना लागत होती. थोडं उजवं. दगड आहे. गेला. माझे पाय त्यांच्या पायांबरोबर आपोआप फिरत होते, मी फिरवत नव्हते.

आंब्याच्या झाडापुढं वाट नीट झाली. हे जोरात मारायला लागले. वारा लागला. मी वाकून बघत होते, पुढं काही नव्हतं. दोन चाकोऱ्या, मधे गवत, आणि शेवटाला बांध. मी गप्प झाले.

"काय गं?" ते म्हणाले. वेग कमी झाला. "बोलंनास का?"

"काही नाही. रस्ता सरळ आहे."

"मग तसं सांग की," ते म्हणाले.

मी सरळ, सरळ, सरळ असं म्हणत राहिले, बांध येईपर्यंत.